भुताचा पत्ता

परप्रांती नोकरी करणाऱ्या मनुष्याला सायंकाळ ही एक स्वतंत्र अडचण असते. सकाळ कचेरीच्या घाईत निघून जाते, दुपार फायलींच्या पोटात जाते; परंतु कचेरी सुटल्यावर जो काळ उरतो तो घालवावयाचा कसा, याविषयी कोणत्याही नियमावलीत कलम नाही. आपल्या मुलखात असलो तर कोपऱ्यावरचा कट्टा असतो, वाचनालय असते, क्वचित नाटकही असते. गुवाहाटीत तर ही अडचण दुप्पट होते. साऱ्या देशाचे घड्याळ एक आणि सूर्य मात्र ज्याचा त्याचा, अशी व्यवस्था असल्यामुळे डिसेंबरात येथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. कचेरीच्या पायऱ्या उतराव्यात तो रस्त्यावर दिवे लागलेले. पुण्यामुंबईचे लोक चहाचा दुसरा कप घेत असतात तेव्हा आम्ही रात्रीत शिरलेलो असतो.

अशा लांबलचक रात्रींवर आमच्या वसाहतीतल्या चार मराठी घरांनी नाना उपाय करून पाहिले. रमी झाली, ब्रिज झाले, गणपतीपुरती नाटकाची तालीमही झाली. परंतु गेली तीन वर्षे आमचे शनिवार ज्याने व्यापले ते एक भले थोरले खोके आहे. त्यावर नाव आहे ‘मॅन्शन्स ऑफ मॅडनेस’, म्हणजे वेडाचे वाडे. हिशेबखात्यातले आमचे एक स्नेही. त्यांचे चिरंजीव तेव्हा नववीत होते. ते खोके त्यांनी वाढदिवसाला मागून घेतले, आणि खेळावयास वयाने जोडीदार मिळेनात म्हणून आम्हां प्रौढांना हाताशी धरले.

पटावरचा खेळ म्हटला म्हणजे आमच्या पिढीला सोंगट्या आठवतात, सापशिडी आठवते. म्हणजे एकाने दुसऱ्याला मारावयाचे किंवा मागे टाकावयाचे. येथे तसे नाही. सगळे खेळाडू एका बाजूला आणि वाडा दुसऱ्या बाजूला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स प्रांतात आर्खम नावाचे एक कल्पित गाव, काळ १९२० नंतरचा. तेथे कोणी नाहीसे झालेले असते, कोणाच्या तळघरातून रात्री आवाज येत असतात, आणि आपण शोध घेणारे म्हणून त्या घराची पायरी चढतो. पुढे काय आहे ते ठाऊक नसते. दार उघडावे तेव्हा पुढच्या दालनाचा पुठ्ठा पटावर येतो. प्रत्येकाने आपल्या पाळीला दोन कृती कराव्यात: चालावे, शोधावे, कोणाशी बोलावे. सर्वांच्या पाळ्या संपल्या म्हणजे वाड्याची पाळी येते, आणि ती क्वचितच सुखाची असते. हा खेळ प्रथम २०११ साली निघाला तेव्हा खेळाडूंपैकीच एकाला वाड्याचा पक्ष घेऊन बाकीच्यांचा घात करावा लागे. २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते काम टॅब्लेटवरच्या एका अ‍ॅपकडे सोपविण्यात आले. वाईटपणा यंत्राकडे गेला आणि माणसे सगळी एका बाजूला आली, ही सुधारणा आम्हांला फार आवडते. कचेरीतही ती व्हावयास हरकत नसावी.

फासे अष्टकोनी आहेत. आठांपैकी तीन बाजूंवर यशाचे चिन्ह, तीन कोऱ्या, आणि उरलेल्या दोहोंवर भिंग. भिंग म्हणजे अर्धे यश. आपल्याजवळ एखादा धागादोरा जमा असेल तर तो खर्च करून भिंगाचे यश करून घेता येते. मात्र दालनात काळोख असेल आणि हाती दिवा नसेल, तर धागादोरा जवळ असूनही उपयोगी पडत नाही. आमच्यातले एक अभियंते या नियमावर निहायत खूष आहेत. त्यांचे म्हणणे, सरकारी कामात माहितीची वाण कधीच नसते, दिव्याची असते.

या सर्व भयाचा मूळपुरुष हॉवर्ड फिलिप्स लवक्राफ्ट. १८९० साली प्रॉव्हिडन्स गावी जन्मला, तेथेच १९३७ साली वारला. हयातीत त्याच्या कथा ‘विअर्ड टेल्स’सारख्या स्वस्त मासिकांतून छापल्या गेल्या, आणि पैका म्हणावा असा कधी मिळाला नाही. १९८१ साली त्याच्या सृष्टीवर संभाषणाने खेळावयाचा एक खेळ निघाला, १९८७ साली आर्खमचा पट निघाला, आणि तेव्हापासून त्याचे ते ओले, शेवाळलेले विश्व जगभरच्या जेवणाच्या टेबलांवर मांडले जात आहे. या गृहस्थाला परदेशी आणि सावळ्या माणसांचा मोठा तिटकारा होता. तो त्याने पत्रांत आणि कथांत लपविलेला नाही. आमच्या टेबलाभोवती पाच सावळी डोकी त्याच्या वाड्यातले दिवे लावीत बसलेली पाहून त्याला काय वाटले असते, याची कल्पना करण्यात आम्हांला थोडा दुष्ट आनंद होतो.

पाच डोक्यांपैकी पाचवे डोके आत्याबाईंचे. आमच्या सौभाग्यवतींच्या आत्या, मूळच्या मालवणाकडच्या, यजमान गेल्यापासून आमच्याकडे असतात. इंग्रजी येत नाही, हिंदीशी जुजबी ओळख. पहिल्या शनिवारी त्या नुसत्या शेंगा सोलीत बसल्या होत्या. चिरंजीव टॅब्लेटवरचा मजकूर इंग्रजीत वाचीत होते आणि आम्ही माना डोलवीत होतो. दहा मिनिटे ऐकून घेतल्यावर आत्याबाई म्हणाल्या, “अरे, तुम्ही सगळे भिता आहात, पण कशाला भिता ते मला कोणी सांगेल का?”

चिरंजिवांनी सांगावयास सुरुवात केली, आणि तेव्हा त्या टेबलावर एक निराळीच गोष्ट उघडी पडली. मुलाचा जन्म एका प्रांतातला, शाळेचा ओनामा दुसऱ्यात, पुढचे शिक्षण तिसऱ्यात. बदल्यांच्या नोकरीत मुलांना चार भाषा कानावरून जातात आणि एकही घर करून राहत नाही. मराठी त्याला समजे. जेवणापुरती, औषधापुरती, फोनवर आजीला ‘बरा आहे’ म्हणण्यापुरती बोलताही येई. परंतु जिन्याखालच्या अंधारात काहीतरी श्वास घेत आहे, हे सांगावयास लागणारी मराठी त्याच्यापाशी नव्हती. तो म्हणाला, “आत्याआजी, तिकडे एक वाईट... वाईट फीलिंग आहे.” हिशेबनीस मान खाली घालून फासे चाचपीत राहिले. आपल्या मुलाजवळ आपली भाषा किती शिल्लक आहे याचा हिशेब त्यांनी पूर्वी कधी मांडला नसावा. त्या रात्री तो आपोआप मांडला गेला.

आत्याबाईंना त्याचे काहीच विशेष वाटले नाही. त्यांनी शेंगांचे ताट बाजूला सारले आणि विचारपूस सुरू केली. वाईट म्हणजे कसे? एकदम झाले की हळूहळू? झाले की व्हावयाचे आहे? एकदम झाले तर माणूस दचकतो. पुढे काही होणार असे वाटत असेल तर ती धास्ती. होऊन गेले आणि मनातून जात नाही, तर तो धसका. लहान मूल किंवा कोकरू असेल तर भेदरते. बोलता येईनासे झाले की बोबडी वळते, आणि मोठमोठ्या बाता करणाऱ्याची पाचावर धारण बसते. हे शेवटचे सांगताना त्यांनी आमच्याकडे का पाहिले, ते आम्ही विचारले नाही. मुलगा ऐकत होता. मग तो पुन्हा टॅब्लेटकडे वळला, परिच्छेद मनाशी वाचला आणि म्हणाला, “जिन्याखाली धास्ती आहे.” व्याकरणदृष्ट्या त्यात सुधारणेला वाव होता, परंतु आमच्या अंगावर काटा आला, हे खरे.

तेव्हापासून नियमच पडून गेला. इंग्रजी मजकूर मोठ्याने वाचावयाचा नाही. मुलाने तो मनाशी वाचावा आणि आत्याबाईंना मराठीत सांगावा. खेळ लांबू लागला. दीड तासाच्या प्रसंगाला साडेतीन तास लागत. आमच्या सौभाग्यवती खेळत नाहीत, परंतु त्या साडेतीन तासांत दोनदा चहा करावा लागे, याची नोंद त्यांनी घेतली होती.

आत्याबाईंची खरी तक्रार भुतांबद्दल होती. लवक्राफ्टच्या राक्षसाला आठ सोंडा असोत की शंभर डोळे, त्यांच्यावर छाप पडेना. “नाव नाय, गाव नाय, तां कसला रे भूत?” असे त्या म्हणत. यात त्यांचे म्हणणे वाजवी होते. आमच्याकडच्या भुतांची व्यवस्था अत्यंत चोख आहे. मुंज्याचे राहणे पिंपळावर. तो सोडमुंज होण्यापूर्वी गेलेला मुलगा. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते. चकवा रानात वाट चुकवितो, पण जिवावर उठतोच असे नाही. देवचार तर गावाची सीमा राखतो; त्याला रोट आणि नारळ वेळच्या वेळी पोचले की तो राखणदार. प्रत्येकाला पूर्वचरित्र आहे, राहण्याचे ठिकाण आहे, मागणी आहे, आणि कार्यक्षेत्राबाहेर कोणी सहसा जात नाही. अशा भुताशी बोलणी करता येतात. लवक्राफ्टच्या भयाशी बोलणी होत नाहीत. कारण त्याला आपण आहोत हेच ठाऊक नसते. ते आपल्यावर रागावलेले नाही, त्याला काही नको आहे, ते नुसते अवाढव्य आहे. अभियंत्यांनी शाळकरी वयात नारायण धारपांच्या (१९२५–२००८) भयकथा फिरत्या वाचनालयातून आणून पारायणे केलेली. ते म्हणाले, “धारपांत शेवटी समर्थ असतात. येथे समर्थ येत नाहीत, हाच तर घोटाळा.” आत्याबाईंनी यावर बराच वेळ विचार केला. मग म्हणाल्या, “म्हणजे बदलीच्या हुकमासारखं.” त्यांचे यजमानही सरकारी नोकरीतच होते.

सहकार्याने खेळावयाच्या खेळांना एक जुना रोग जडलेला आहे. सर्वांचे पत्ते सर्वांना दिसत असले की एक हुशार खेळाडू बाकीच्यांना चाली सांगू लागतो आणि इतरांचे नुसते हात उरतात. आमच्यात अभियंते हुद्द्याने सर्वांत वरिष्ठ. त्यांच्याकडून सूचना निघू लागल्या की हिशेबनीस सवयीने ‘होय साहेब’ म्हणून सोंगटी पुढे सरकवीत. या खेळात त्यावर एक जालीम तोड आहे. शोधकाच्या वाट्याला भय फार आले की त्याचे भान सुटते. त्याला एक पत्ता मिळतो. त्याची मागची बाजू त्याने एकट्याने वाचावयाची. कोणाला दाखवावयाची नाही, सांगावयाची नाही. एखाद्या पत्त्यावर विशेष काही नसते; एखाद्यावर असे काही लिहिलेले असते की त्यापुढे त्याच्या जिंकण्याची अटच बदलते आणि सोबत्यांच्या जिंकण्याशी तिचा मेळ राहत नाही. टेबलाभोवती बसलेला आपलाच माणूस आता कोणाच्या बाजूचा आहे, हे शेवटपर्यंत कळत नाही. आणि त्याला सोडूनही चालत नाही. कारण एखादा शोधक पुरता कामास आला की उरलेल्यांना जेमतेम एक फेरी मिळते, तीत काम उरकले नाही तर सारेच हरले.

गेल्या जानेवारीतल्या एका शनिवारी हा पत्ता हिशेबनिसांकडे आला. त्यांनी तो वाचला, खिशात ठेवला आणि गप्प झाले. तसे ते मितभाषीच. परंतु त्या रात्री त्यांनी कंदील हातचा सोडला नाही की कोणाला दिला नाही. अभियंत्यांना संशय आला. त्यांनी हळूच सुचविले की हिशेबनिसांना तळघरात एकटे जाऊ देऊ नये. बोलणे इंग्रजीत चालले होते. तरी आत्याबाई हिशेबनिसांच्या तोंडाकडे पाहत होत्या. त्यांनी मुलाला विचारले, “तुझ्या बाबांचं काय?” मुलगा म्हणाला, “त्यांना वेडाचा पत्ता आलाय.” आत्याबाई म्हणाल्या, “पत्त्याने माणूस असा दिसत नाही. याला धसका बसलाय. खेळातला नव्हे.”

हिशेबनिसांनी खिशातून पत्ता काढून टेबलावर ठेवला. त्याच्याबरोबर घडी घातलेला एक कागदही आला. पत्त्यावर विशेष काही नव्हते. कागद बदलीचा होता. जोधपूर, पंधरा दिवसांत रुजू व्हावे. मुलाची दहावीची परीक्षा पाच आठवड्यांवर. मुलाने कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि कोणालाच उद्देशून नव्हे असे म्हणाला, “मला वाटलंच होतं. आठवडाभर धास्ती होती.” या खेपेस व्याकरणही बिनचूक होते. कोणी काही बोलले नाही. सौभाग्यवतींनी तिसऱ्यांदा चहा टाकला.

परीक्षेसाठी मुलगा आणि त्याची आई मागे राहिली; हिशेबनीस एकटे पुढे गेले. परीक्षा आटोपल्यावर सामान बांधताना ते खोके कोठे जावे हा प्रश्न निघाला. अ‍ॅप फुकट असते, ते कोठेही उतरवून घेता येते. पुठ्ठे, सोंगट्या आणि फासे मात्र एकच. मुलाने ते खोके आत्याबाईंच्या स्वाधीन केले. त्या रात्री अर्ध्यावर राहिलेला प्रसंग अ‍ॅपमध्ये जपून ठेवलेला होता; पटावर कोण कोठे उभे होते याचे टिपण हिशेबनिसांनी जाण्यापूर्वी काढून दिले होते, दालनवार, अनुक्रमांकासह.

आता शनिवारी सात वाजता जोधपुराहून फोन येतो. तेथे अजून सूर्यास्ताची आभा असते, येथे रातकिडे बोलत असतात. टॅब्लेट तिकडे, पट इकडे. मुलगा वाचून सांगतो, आत्याबाई सोंगट्या हलवितात, फासे आम्ही टाकतो, आणि अभियंते सूचना करतात. त्या तिकडे ऐकू जात नाहीत अशी सोय फोनवर असल्याचे मुलाने शोधून काढले आहे. जुना प्रसंग आम्ही हरलो. नव्यात परवा समुद्रकाठच्या एका गावात शिरलो. लांबलचक परिच्छेद आला असावा. मुलगा बराच वेळ थांबला. मग म्हणाला, “आत्याआजी, भरती नाही आणि ओहोटीही नाही, पाणी नुसतं थांबलेलं असतं, त्या वेळेला तुमच्याकडे काय म्हणतात?”

आत्याबाईंनी तो शब्द सांगितला. त्याने तो दोनदा म्हणून पाहिला, आणि पुढचे दार उघडले.