परसातल्या कोंबड्यांचा हिवाळा

कोंबडीला हिवाळ्यात काही झाले की "थंडी बाधली" असे म्हणून मोकळे होण्याची सवय आम्हांस फार दिवसांची होती. वसईला आमच्या आईच्या परसात दहाबारा कोंबड्या असत. त्यांच्या पोषणाची चिंता कोणी वाहिल्याचे आठवत नाही. दिवसभर त्या वाडीत हिंडत, केळीच्या बुंध्याशी उकरीत, किडेमुंग्या टिपीत आणि दिवेलागणीला आपण होऊन खुराड्यात शिरत. पुढे नोकरीनिमित्त आम्ही भोपाळला आलो, सोनागिरीत बिऱ्हाड केले आणि घरामागच्या चिंचोळ्या, फरशीबंद अंगणात जाळी लावून सहा कोंबड्या पाळल्या. या फरशीवर त्यांना उकरावयास काहीच नाही, हे मात्र आमच्या ध्यानात आले नाही.

2022 च्या डिसेंबरात तयार खाद्याचे पोते संपले. नाताळ तोंडावर आलेला, घरात पाहुण्यांची वर्दळ. "चार दिवस भातावर भागेल," असे आम्हीच म्हणालो. त्या चाराचे पंचवीस दिवस झाले! पांढऱ्या तांदळाची कणी आणि उरलासुरला भात कोंबड्या आवडीने खात, त्यामुळे मनात शंकाही आली नाही. जानेवारी उजाडला आणि एक तांबडी कोंबडी पाय दुमडून बसू लागली. दुसऱ्या दिवशी तिची मान मागे वळून पाठीला टेकली. जणू ती आकाशातले तारे मोजीत होती. आमची धाकटी प्रथम हसली, मग रडू लागली. आम्ही नेहमीचे निदान केले, तिला गोणपाटात गुंडाळले आणि शेगडीजवळ ठेवले. सकाळी ती मेलेली आढळली.

त्याच सकाळी दुसरीची मान वळू लागली, तेव्हा कुठे टोपली उचलून आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "खिलाते क्या हो?" आमचे उत्तर ऐकून त्यांनी ब-1 जीवनसत्त्वाचे औषध दिले. संध्याकाळपर्यंत कोंबडीची मान सरळ झाली! आम्हांस आनंद झाला आणि तितकीच लाजही वाटली, कारण पहिलीही अशीच वाचली असती.

वाचकहो, या रोगाची कथा आम्ही नंतर वाचली. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, क्रिस्तियान आइकमन नावाचे डच डॉक्टर बेरीबेरीचे कारण शोधीत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातील उरलेला पांढरा भात मिळे, आणि त्या लुळ्या पडत. पुढे नवा आचारी आला. लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांस द्यावयाचा नाही, असा त्याचा बाणा! नाइलाजाने त्यांना कोंड्यासकट हलका तांदूळ घालावा लागला, आणि त्या बऱ्या झाल्या. गिरणीत तांदूळ शुभ्र करताना निघणाऱ्या कोंड्यात शरीरास अवश्य असे काही असते, हे 1901 साली त्यांचे उत्तराधिकारी खेरित ग्रेन्स यांनी सांगितले. आइकमन यांस 1929 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आचाऱ्याला काय मिळाले, कोण जाणे.

आता आम्ही दर कोंबडीमागे रोज शंभर ते एकशेवीस ग्रॅम तयार खाद्य घालतो. बाकी सारे त्यावरची चटणी. हिवाळ्यात पिपलानीच्या बाजारात भाजी उदंड. मेथीच्या काड्या, मुळ्याचा पाला, कोबीची बाहेरची पाने, किसलेले गाजर आणि आपण ज्याला चाकवत म्हणतो तो इथला बथुआ, यांतले काही ना काही जुडी बांधून जाळीला टांगतो. उड्या मारून ते तोडण्यात कोंबड्यांचा वेळही जातो. हिरव्या पाल्यातून आणि गाजरातून 'अ' जीवनसत्त्वाची सोय होते. पालक मात्र बेतानेच, कारण त्यातील आम्ल कॅल्शियम अडवून ठेवते. आणि एका अंड्याच्या कवचातच सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते. त्यासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत असतो. 'ड' जीवनसत्त्वासाठी सकाळचे ऊन जाळीत पोहोचावे म्हणून एक जुना पत्रा आम्ही काढून टाकला. खारट उष्टे अजिबात घालीत नाही.

औषधाच्या बाटलीविषयीही सांगितले पाहिजे. त्या धक्क्यानंतर आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो आणि जीवनसत्त्वांचे थेंब रोज पाण्यात घालू लागलो. डॉक्टरांनी हात धरला. 'अ' आणि 'ड' शरीरात साचतात, अति झाली तर बाधतात. आता थेंब फक्त आजारपणात किंवा पिसे झडल्यावर, तेही त्यांनी सांगितलेल्या मापाने. आणि ते पाणी उन्हात न ठेवता रोज बदलावयाचे.

एवढे करूनही डिसेंबरात अंडी कमीच होतात, त्यास पाल्याचा इलाज नाही. भोपाळचा दिवस तेव्हा जेमतेम पावणेअकरा तासांचा, आणि भरपूर अंडी देण्यास कोंबडीला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो. खुराड्यात दिवा लावण्याचा सल्ला शेजारच्या वहिनींनी दिला. आम्ही त्यांना तेवढी विश्रांती घेऊ देतो.

मान वळलेली ती कोंबडी अजून आहे. अंडी क्वचितच देते, पण जुडीवर पहिली चोच तिचीच. उरलेला भात आजही कोंबड्यांस जातो, मात्र मूठभरच. आणि तो घालण्यापूर्वी धाकटी आम्हांस पोत्यात खाद्य किती उरले आहे, ते विचारते.