अँटॉप हिलच्या रस्त्यावर दोन घोड्या

अँटॉप हिल म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? केंद्र सरकारी वसाहतीच्या एकसारख्या इमारती, शेख मिस्रींचा दर्गा, नाहीतर वडाळ्याच्या ट्रक टर्मिनसकडे निघालेल्या ट्रकांची रांग. मुद्दाम फिरायला म्हणून इथे कोणी येत नाही. माझी नणंद त्या वसाहतीत राहते, म्हणून माझं जाणं-येणं. हे नाव कुणा अंतोबावरून पडलं असं सांगतात. टेकडी मात्र आता घरांच्या गर्दीत शोधावी लागते.

गेल्या लग्नसराईतली गोष्ट. नणंदेकडून परतताना मी बसची वाट पाहत उभी होते. संध्याकाळचे चार वाजले असतील. तेवढ्यात एक टेम्पो फटफट आवाज करत कडेला आला आणि मागच्या डाव्या चाकावर मटकन बसला. हौद्यात दोन पांढऱ्या घोड्या! चेंबूरला वरातीसाठी निघालेल्या. हौदा कलला तशी एकीचा पाय घसरला, आणि तिने फळीवर अशी लाथ मारली की माझ्या हातातली पिशवीच पडली.

पाच मिनिटांत माणसं जमली. सगळ्यांचा सल्ला एकच, "आधी घोड्या उतरवा, वजन कमी होईल." मीही तोच शहाणपणा केला. बरोबरचा म्हातारा मोतद्दार म्हणाला, "ताई, चाक बदलायला अर्धा तास. सुटलेली घोडी धरायला अख्खी रात्र."

रस्त्यावरून टँकर आणि ट्रक भोंगे वाजवत जात होते. तिथे बिथरलेली घोडी उतरवायची म्हणजे तिच्या आणि आपल्या जिवाशी खेळ. मला माझीच लाज वाटली.

मग म्हाताऱ्याने काय केलं, ते सांगते. ड्रायव्हरला इंजिन बंद करून गिअर टाकायला लावला, हँडब्रेक ओढायला लावला, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले. एका पोराला लाल फडकं घेऊन बराच मागे उभं केलं. स्वतः केबिनच्या बाजूने, बाहेरूनच, घोड्यांच्या तोंडाशी गेला, म्होरकी धरली आणि गवताची पेंढी पुढे केली. आत उतरला नाही. घाबरलेल्या घोडीच्या आणि फळीच्या मध्ये माणसाने कधी सापडू नये, म्हणाला. दोघींच्या मध्ये जाड बांबू आडवा बांधलेला होता. जनावरांच्या वाहतुकीचे 1978 चे नियम आहेत, त्यांतही घोड्यांच्या मध्ये असा बांबू सांगितला आहे. तो नसता तर एक दुसरीच्या अंगावर गेली असती.

ड्रायव्हरने चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच नट ढिले केले. आधी गाडी उचलली आणि मग पान्याला जोर लावला, तर अख्खी गाडी हलते. पण जॅक लावला तो रुतायलाच लागला! या भागाच्या पूर्वेला एकेकाळी मिठागरं आणि खाजण होतं. डांबर सोडून कडेला गेलं की जमिनीचा भरवसा नाही. समोरच्या टायरवाल्याने जाड फळी आणून जॅकखाली सारली, तेव्हा कुठे काम पुढे गेलं. चाक जमिनीपासून सुटण्यापुरतंच उचललं, आणि तेही घोड्या गवत चघळत स्थिर झाल्यावर. मध्येच एक घोडी हलली तसा म्हाताऱ्याने नुसता हात वर केला. ड्रायव्हर लगेच मागे सरला. गाडीखाली कोणी डोकंही घातलं नाही.

परदेशात घोड्यांचा डबा ट्रकच्या मागे जोडून नेतात. तिथेही घोडे आत असताना डबा ट्रकपासून सोडत नाहीत. एकामागे एक अशी दोन-दोन चाकं असली तर चांगलं चाक जाड ठोकळ्यावर चढवतात. शेजारचं पंक्चर चाक आपोआप उचललं जातं, जॅकची गरजही पडत नाही. आपल्या महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर 1883 पासून शर्यती होतात. तिथले घोडे पावसाळी हंगामाला घाट चढून पुण्याला जातात. साडेचारशे-पाचशे किलोचा घोडा आत असताना घाटात चाक बसलं तर काय होत असेल, याचा विचार मी त्या दिवसापर्यंत कधी केला नव्हता.

स्टेपनी चढली. नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले, आणि गाडी खाली उतरवून पुन्हा एकदा. (स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. आपल्याकडे मात्र तो अगदी घरचा झाला आहे.) "चार-पाच किलोमीटरवर थांबून पुन्हा पाना फिरव," म्हाताऱ्याने ड्रायव्हरला बजावलं. घोड्यांना बादलीभर पाणी दाखवलं. एक प्यायली. दुसरीने नाक बुडवलं आणि माझ्या साडीवर फुरफुर केली. टायरवाल्याने फळीचे पैसे घेतले नाहीत.

माझी बस केव्हाच निघून गेली होती. घरी पोहोचल्यावर पहिला प्रश्न ह्यांना विचारला, "आपल्या गाडीच्या स्टेपनीत हवा कधी भरली होती?" हे वर्तमानपत्रातून वर बघेनात. मीच डिकी उघडली, सतरंजी आणि मुलांची बॅट बाजूला सारून स्टेपनीवर अंगठा दाबला. तो सरळ आत गेला.