सांबरशिंग

शाहूवाडीच्या पश्चिमेस आंब्याच्या घाटाकडे आणि उत्तरेस चांदोलीकडे जे दाट रान आहे, तेथील सांबराचे शिंग प्रथम हाती घेणाऱ्यास त्याच्या वजनाचेच नवल वाटते. गाईचे वा गव्याचे शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावर नखासारख्या द्रव्याची चढलेली टोपी. ती जन्मभर टिकते. सांबराचे शिंग मात्र आरपार हाड, आणि तेही दर खेपेस नवे. मराठीने दोहोंस एकच नाव दिले. या काटकसरीची गंमत अशी की, चौशिंग्याला खरोखरीच चार शिंगे असतात, पण बारशिंग्याला दोनच. त्याचे मोजतात ते फाटे!

सांबराच्या कवटीवर दोन खुंट असतात. त्यांवर शिंगाचे दाणेदार कडे, कड्याला लागूनच कपाळापुढे झुकणारा पहिला फाटा, मग वर चढणारा जाड सोट, व शेंड्याशी त्याचे दोन फाटे, एकूण सहा. फाटे मोजून वय सांगणारे शिकारी आम्ही पुष्कळ ऐकले. पण वाढ पुरी झाल्यावर फाटे सहसा सहाच राहतात, मग हिशेब कसला?

वाढते शिंग मखमली, रक्ताने भरलेल्या कातड्यात असते. पुढे ते कातडे सुकते, नर ते झाडावर घासून काढतो, आणि मिरवतो ते मेलेले हाड. माज ओसरला की खुंटाशी असलेला सांधा विरघळून शिंगे गळतात. ‘शिंगे मोडून वासरांत शिरला’ हा टोमणा आम्हां वयस्क प्राध्यापकांच्या वाट्याचा. सांबर शिंगे टाकते, पण वासरांत काही शिरत नाही.

गळलेले शिंग रानात वाया जात नाही. चुन्यासाठी साळिंदर ते कुरतडते. माणसाने मात्र ते छातीच्या दुखण्यावर उगाळले, नाहीतर दिवाणखान्यात टांगले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते बाळगण्यास आता मनाई आहे. त्यावर सभ्य गृहस्थ म्हणतात, ‘पडलेलेच होते हो, मारले कोणी?’ याचे उत्तर शिंगाच्या बुडाशी असते. गळलेल्याचे बूड कड्यापाशीच संपते. मारलेल्याच्या बुडाला खुंट व कवटीचा तुकडा लागून येतो. भिंतीवर टांगताना नेमके तेच बूड लाकडी फळीआड झाकलेले असते.