एका हसण्यासाठी वनाज ते कल्याणीनगर

‘तू तंबाखू वगैरे खातेस का गं?’

पुण्यातल्या माझ्या पहिल्या घरमालकीणबाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव, गाव, डिपॉझिट वगैरे सगळं नंतर! रानडे इन्स्टिट्यूटला अ‍ॅडमिशन घेऊन मी नुकतीच आले होते, हातात बॅग होती आणि चेहऱ्यावर ‘मी किती साधी मुलगी आहे बघा’ छापाचं हसू. त्या हसण्यानंच घात केला. माझ्या वरच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. मिशरी लावल्यासारखे.

तंबाखू मी आजवर चाखलेली नाही. मी फक्त पाणी प्यायले, आमच्या गावचं. यवतमाळ जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त असतं. खडकातून झिरपतं आणि पाण्यात उतरतं, चव नाही की वास नाही. आपल्याकडचं मानक सांगतं, लिटरमागे एक मिलिग्रॅम, दुसरी सोयच नसेल तर फार तर दीड. त्याच्या वरचं पाणी लहानपणी, पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असताना पोटात गेलं, की इनॅमल नीट घडत नाही. दात येतानाच डाग घेऊन येतात. मग तुम्ही दिवसातून चारदा ब्रश करा नाहीतर लिंबू-मीठ चोळा, काही उपयोग नाही. (मी दोन्ही केलंय. लिंबू तर अजिबात चोळू नका, उरलंसुरलं इनॅमलही जातं.)

तर पुढची सात-आठ वर्षं मी हात तोंडावर ठेवून हसले. ग्रुप फोटोत ओठ मिटलेले. इंटरव्ह्यू घेताना समोरचा माणूस खळखळून हसला की मी फक्त मान हलवायची. मागच्या वर्षी एका मैत्रिणीच्या संगीतचा व्हिडिओ बघितला आणि लक्षात आलं, पूर्ण चार मिनिटं माझा उजवा हात तोंडावरच आहे. एका हाताने नाचतेय, बॉस! त्याच रात्री ठरवलं, व्हीनियर्स.

व्हीनियर म्हणजे दाताच्या दर्शनी भागावर चिकटवायचा पोर्सिलेनचा पातळ पापुद्रा. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. नखावर लावायच्या खोट्या नखासारखा, असं सगळे समजावून सांगतात. फरक एवढाच की नख पुन्हा वाढतं.

पुण्यात डेंटिस्टची पाटी नाही असा रस्ता शोधून दाखवा. मी मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन धरली. वनाजहून बसायचं, डेक्कनच्या त्या मावळ्याच्या पगडीसारख्या स्टेशनवरून नदी बघत जायचं आणि कल्याणीनगरला उतरायचं. एकाच तिकिटात दोन पुणी.

कल्याणीनगरच्या क्लिनिकमध्ये आधी कॉफी मिळाली. मग मोठ्या स्क्रीनवर माझा फोटो, आणि दोन मिनिटांत त्यावर नवे दात. खरं सांगते, पोटात गोळा आला. मी इतकी छान दिसू शकते? तेवढ्यात पॅकेज समोर आलं : वरचे दहा दात, प्रत्येकी बावीस हजार, ईएमआय उपलब्ध. म्हणजे दोन लाख वीस हजार, दोन अ‍ॅक्टिव्हा! ‘दहाच का?’ विचारलं तर उत्तर आलं, ‘स्माईल कम्प्लीट दिसते.’ माझे डाग कशाचे आहेत, हे मात्र कुणी विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर पुणे स्टेशनला उतरले आणि रिक्षाने कॅम्पात गेले. ज्यांचं बजेट टाइट आहे त्यांच्यासाठी ही खास टिप. आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला, धनकवडीचं भारती विद्यापीठ, पिंपरीचं डी. वाय. पाटील, अशी डेंटल कॉलेजेस शहरात आहेत. तिथल्या ओपीडीत केसपेपर काढून कुणीही दाखवू शकतं. काम पीजीचे विद्यार्थी सरांच्या देखरेखीखाली करतात. पैसे कमी लागतात, वेळ भरपूर लागतो. फ्रीलान्सरकडेही एवढ्या सकाळी मोकळ्या नसतात, म्हणून मी तो मार्ग सोडला. तुमची सेकंड शिफ्ट असेल तर जरूर विचार करा.

शेवटी सापडल्या त्या कोथरूडच्या मॅडम. जुनं क्लिनिक, बाहेर चपला काढायच्या, आत जुने दिवाळी अंक. तोंडात आरसा घालून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘लहानपणी पाणी कुठलं प्यायचीस?’ मला एकदम भरूनच आलं. तंबाखूवरून पाण्यावर यायला पुण्याला आठ वर्षं लागली होती.

मग त्यांनी माझा उत्साह पद्धतशीर थंड केला. दहा नाहीत, चार. खालचे आणि बाजूचे दात फिकट डागांचे, ते मायक्रोअब्रेजनने निघतील. सौम्य आम्ल आणि खरखरीत पेस्टने वरचा अगदी पातळ थर घासायचा. वर ब्लीचिंग. ब्लीचनंतर दोन आठवडे थांबायचं, नाहीतर चिकटवलेलं नीट धरत नाही. मधले चार दात मात्र खोल डागाळलेले, त्यांनाच व्हीनियर. शिवाय फ्लोरोसिसच्या दातावर सिमेंट धरायला जरा त्रास देतं, तेव्हा घाई नको. ‘आणि हे बघ, एकदा दात घासला की तो परत पहिल्यासारखा होत नाही. आयुष्यभर त्याच्यावर काहीतरी लावावंच लागेल. दहा-पंधरा वर्षांनी बदलायची तयारी आहे?’ मी मनात हिशोब केला. आत्ता अठ्ठावीस. म्हणजे चाळिशीत एकदा, पंचावन्नच्या आसपास एकदा, आणि पुढे देव आहेच. एका दाताचे बारा हजार, चाराचे अठ्ठेचाळीस. विमा कंपनीला विचारू नका, ‘कॉस्मेटिक’ म्हटलं की ते फोन ठेवतात.

ही कल्पना मुळात हॉलिवूडची. चार्ल्स पिंकस नावाच्या डेंटिस्टने १९२० च्या दशकाच्या अखेरीस नटनट्यांसाठी असे पापुद्रे बनवले. पण ते फक्त शूटिंगपुरते! कवळीच्या पावडरने चिकटवायचे, कट म्हटलं की काढायचे. पक्कं चिकटवायचा फंडा पुढे आला. १९५५ साली मायकेल ब्युनोकोर यांनी इनॅमलला आम्ल लावून खरबरीत केलं की रेझिन घट्ट बसतं हे दाखवलं, आणि १९८३ च्या सुमारास पोर्सिलेनची आतली बाजूही आम्लाने तशीच खरबरीत करण्याचं तंत्र आलं. मगच व्हीनियर लावून कणीस खाता यायला लागलं.

मॅडमनी आधी मेणाचा नमुना करून तो माझ्या दातांवर तात्पुरता चढवला. ही पायरी कुणी गाळत असेल तर सरळ उठून या. आरशात बघून बोलायचं, हसायचं, ‘फ’ आणि ‘व’ म्हणून बघायचं. माझा ‘व’ शिट्टीसारखा येत होता, म्हणून कडा किंचित कमी केल्या.

घासण्याच्या दिवशी इंजेक्शन होतं. दुखलं नाही. आवाज मात्र... तो डोक्याच्या आतून येतो. खिडकीबाहेर भाजीवाला ‘मेथी-पालक’ ओरडत होता, मी त्यालाच धरून बसले. तासाभराने जीभ फिरवली तर दात ओळखीचे नाहीत. छोटे, खरखरीत. तेव्हा, आणि फक्त तेव्हाच, मला रडू आलं. त्या डागाळलेल्या दातांवर माझं प्रेम कधीच नव्हतं, तरी.

मग माप, आणि प्लास्टिकचे तात्पुरते दात. लॅबचं काम होईपर्यंत दहा दिवस हेच. या दिवसांत हळद जपा! मी तिसऱ्या दिवशी मिसळ खाल्ली आणि चौथ्या दिवशी पिवळीधमक. पोर्सिलेनवर असा रंग चढत नाही, या प्लास्टिकवर चढतो. मस्तानीचं तर नाव काढू नका, गार लागलं की कळ थेट कानापर्यंत जाते.

आता शेड. व्हिटाच्या जुन्या पट्टीत सोळा छोटे दात ओळीने लावलेले असतात, ए, बी, सी, डी अशा घराण्यांचे. ब्लीच शेड्स वेगळ्या, त्याहून पांढऱ्या. मला अर्थातच सगळ्यात पांढरी हवी होती. आठ वर्षांची भूक होती ती! मॅडमनी दिवा बंद केला, मला बाल्कनीत नेलं आणि पट्टी माझ्या खालच्या दातांशेजारी धरली. ब्लीच शेड तिथे बाथरूमच्या टाइलसारखी दिसली. ए-वन ठरली. आज वाटतं, वाचले.

चिकटवायला अडीच तास लागले. आधी नुसते बसवून बघितले, मग तोंडात रबरी पडदा, आम्ल, सिमेंट, निळा दिवा. संपल्यावर मॅडमनी आरसा दिला आणि स्वतः हात धुवायला निघून गेल्या. मी एकटीच हसून बघितलं. एकदा. मग परत.

आता पथ्य : दाताने पाकीट फोडायचं नाही, सुपारी-बर्फ चावायचा नाही. झोपेत मी दात खाते म्हणे, म्हणून रात्री एक पारदर्शक गार्ड घालायचा. दिसायला भयानक, पण बघतंय कोण? आणि पार्लरमध्ये ‘एका तासात व्हीनियर’ लावून देणारे भेटले तर त्यांना राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. विषय तिथेच संपतो.

दिवाळीत गावी गेले. आता तिथे फिल्टरच्या पाण्याचे कॅन येतात. भाचीचे दात पांढरे स्वच्छ, तिला माझ्यात काही विशेष वाटलंच नाही. आईने मात्र मला ओसरीवर उजेडात नेऊन तोंड उघडायला लावलं. ‘काहून वं, चांगले दात घासून आली? केवढ्याचे पडले?’ मी आकडा अर्धा सांगितला. ती पदर तोंडावर धरून हसली. ती नेहमी तशीच हसते, तो तिचा लाजरेपणा आहे असं मला लहानपणापासून वाटायचं.

निघायच्या आदल्या रात्री भांडी विसळताना ती पाठमोरीच म्हणाली, ‘त्या मॅडमले विचार बरं, साठीत करून देते का.’

विचारलं. मॅडम म्हणाल्या, हिरड्या आणि हाड बघितल्याशिवाय काही सांगणार नाही, त्यांना घेऊन ये. पुढच्या महिन्याचं ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलंय. आईला खिडकीच हवी होती.