अनोळखी लेकरांचं ऋण

ऋण म्हटलं की माणसाला नावं आठवतात. शिकवणारे गुरुजी, अडीनडीला धावून आलेला शेजारी, पडत्या काळात धान्य घालणारी मावशी. माझ्यावर ज्यांचं सर्वांत मोठं ऋण आहे, त्यांची नावं मात्र मला ठाऊक नाहीत आणि आता ती कळणारही नाहीत.

मी आरोग्य सेविका होते. आधी सातारा जिल्ह्यात कराड तालुक्यात, मग सांगलीच्या वाळवा तालुक्यात. जुलाब-उलट्या म्हणजे पावसाळ्याचं दुखणं असं लोक धरून चालतात. आम्हाला धास्ती असायची ती थंडीची. कारखान्यांचे बॉयलर पेटायचे, ऊसतोडीच्या टोळ्या बीड-उस्मानाबादकडून यायच्या, आणि त्याच दिवसांत सहा महिने ते दोन वर्षांची बाळं आजारी पडायला लागायची. आधी उलटी, अंगात ताप, मग पाण्यासारखे जुलाब. घरातली आजी म्हणायची, "दात येत्यात त्याला, बाई. हुतंय असं." संध्याकाळपर्यंत टाळू खोल गेलेली असायची, डोळे आत ओढलेले, रडलं तरी डोळ्यांत पाणी नाही, लंगोट कोरडा.

जलसंजीवनी आणि झिंकच्या गोळ्या हे आमचं हत्यार. बाळाला चमच्यानं पाजायचं, त्यानं ओकलं की दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा चमचाभर. 1971 च्या बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या मीठ-साखरेच्या पाण्यानं माणसं वाचवली, त्यांचंही आम्हा सगळ्यांवर ऋण आहे. पण ज्या बाळाच्या पोटात चमचाभरही ठरत नाही, त्याला सलाईनच हवं. गाडी मिळाली तर कराड किंवा मिरज.

ऊसतोड्यांच्या एका कोपीतलं, म्हणजे पाचटाच्या झोपडीतलं, लेकरू असंच वाटेत गेलं. त्याची आई स्वतःच पोरसवदा होती. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर, कोयता बंद राहिला की खाड्याचा दंड, म्हणून आदल्या दिवशी तिला फडातून निघताच आलं नव्हतं. त्या बाईला मी कधी विसरले नाही. पण हा आजार कोपीतच होतो असं समजू नका. फिल्टरचं पाणी पिणाऱ्या बंगल्यातलं बाळही रोटाव्हायरस नावाच्या याच विषाणूनं तसंच गळून जायचं. जगभरात, श्रीमंत देशांतही, पाच वर्षांच्या आत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो गाठतोच. स्वच्छ पाणी, साबण यांनी इतर हगवणी पुष्कळ कमी झाल्या, हा हटला नाही. कोपी आणि बंगल्यात फरक पडायचा तो दवाखान्याच्या अंतराचा.

पुढे या विषाणूवर लस आली. तिची गोष्ट मला लसीकरणाच्या प्रशिक्षणानंतर, हळूहळू वाचून कळली. 1985-86 मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांच्या कक्षात रोटाव्हायरस सापडला, पण बाळं आजारी नव्हती. डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की अशी बाळं पुढे गंभीर जुलाबांपासून वाचतात. तशाच एका बाळाकडून मिळालेल्या विषाणूपासून, 116ई या वाणापासून, हैदराबादच्या भारत बायोटेकनं रोटावॅक ही लस बनवली. ज्याचं अजून बारसंही झालं नसेल अशा त्या लेकराची मी पहिली ऋणको.

नंतरची लेकरं 6,799. दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुणे जिल्ह्यातली खेडी, इथं 2011 पासून या लशीची मोठी चाचणी झाली. दर तीन बाळांमागे दोघांना लस आणि एकाला लस नसलेला द्रव. आपल्या बाळाला काय मिळालं हे आईला माहीत नव्हतं, पाजणाऱ्यालाही नव्हतं. तरी त्या आया हो म्हणाल्या. लस न मिळालेली बाळं किती आजारी पडली हे मोजलं, म्हणून तर लशीचा गुण कळला. मी पुढे ज्या बाळांच्या तोंडात डोस दिला, त्यांचं आयुष्य त्या मोजणीवर उभं आहे. उसनं घेतलेलं पीठ परत करता येतं, हे ऋण कसं फेडायचं?

मार्च 2016 मध्ये ओडिशापासून सरकारी लसीकरणात रोटाव्हायरसची लस आली, महाराष्ट्रात 2019 मध्ये. कृष्णाकाठ ते साल महापुराचं म्हणून ओळखतो. माझ्यासाठी ते या डोसचंही साल आहे. तोवर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटासिल ही दुसरी लसही तयार झाली होती.

चाचणीत पहिल्या वर्षी गंभीर आजार निम्म्याहून थोडा जास्त, सुमारे 56 टक्के टळला. "निम्माच ना?" असं शिकलेली माणसंही मला विचारायची. देशात वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळं जन्मतात. त्यातला निम्मा गंभीर आजार म्हणजे किती खाटा, किती सलाईन, किती आया, याचा हिशेब करून बघा. नऊ राज्यांतल्या 31 रुग्णालयांत 2016 ते 2020 या काळात पाहणी झाली. जुलाबासाठी दाखल झालेल्या बाळांत रोटाव्हायरसचं प्रमाण लशीआधी सुमारे 40 टक्के होतं, ते जवळपास 20 वर आलं. अमेरिकेत 2006 मध्ये रोटाव्हायरसची वेगळी लस सुरू झाली तेव्हा, डोस न मिळालेल्या मोठ्या मुलांचंही दवाखान्यात दाखल होणं कमी झालं. तान्ह्यांनी घेतलेला डोस भोवतालच्या मुलांनाही राखतो. म्हणजे गावातलं प्रत्येक बाळ दुसऱ्या कुणाच्या तरी बाळाचं थोडं देणं लागतं.

ज्यांच्या रानात टोळी ऊस तोडते त्यांना माझं सांगणं आहे. बांधावर झोळी दिसली तर त्या आईला विचारा, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस झाले का? कार्ड दुसऱ्या जिल्ह्याचं असलं तरी चालतं. पहिला डोस राहून गेला असेल तर बाळ वर्षाचं होईपर्यंत तो सुरू करता येतो. डोस मोफत आहे. आशाताईंना एवढं कळवलंत तरी पुढचं काम उपकेंद्र करील.