भिंत जोड्या जुळवते तेव्हा...

पेशीच्या केंद्रकाचं आवरण म्हटलं की डोळ्यांसमोर कंपाउंड वॉल येते. पण अर्धसूत्री विभाजनात ही भिंत चक्क जोड्या जुळवते! आईकडून-वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रांची टोकं तिला आतून चिकटतात. बाहेर डायनीन नावाची मोटर ओढते. भिंतीतली सन आणि कॅश ही प्रथिनं ती ओढ आत पोचवतात. गुणसूत्रं फिरतात, आपापला जोडीदार गाठतात. २००७ च्या प्रयोगात सन१ जनुक काढलेल्या उंदरांना पिल्लंच झाली नाहीत. जुळणी बिघडली तर वाटणीही चुकू शकते.

गेल्या वर्षी आमचं बाळ दहाव्या आठवड्यात गेलं. रिपोर्टात एक गुणसूत्र जास्त. बायको विचारत राहिली, "माझं काय चुकलं?"

अगं, स्त्रीबीजांतली ही जुळवाजुळव तू तुझ्या आईच्या पोटात असतानाच उरकलेली असते. तिथे तू काय चुकणार?