शेंकडा चाळीस

शाळेंत गुण मोजण्यांत आमचें अर्धें आयुष्य गेलें. उत्तीर्ण व अनुत्तीर्ण ह्यांमध्यें कधीं कधीं एकाच गुणाचें अंतर असतें, हें मुलांस व पालकांस सांगावयास नको. परंतु शाळेबाहेरहि अशी एक रेषा आहे, आणि तिच्यावर कित्येक कुटुंबांची आशा अवलंबून असते. ती रेषा म्हणजे शेंकडा ४० अपंगत्वाची होय.

१९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे ७ प्रकार होते. १९ एप्रिल २०१७ पासून अंमलांत आलेल्या २०१६ च्या कायद्यानें ते २१ केले. अंधत्व व बहिरेपणा ह्यांच्याबरोबर सिकलसेल, थॅलॅसेमिया आणि वाचन-लेखनांतील विशिष्ट अडचण ह्यांसहि त्यांत स्थान मिळालें. तथापि ज्याचें अपंगत्व शेंकडा ४० हून कमी नाहीं असें नेमलेले वैद्यकीय अधिकारी प्रमाणित करितात, त्यासच राखीव जागांचा लाभ मिळतो. सरकारी नोकऱ्यांत अशा जागा निदान शेंकडा ४ व सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत निदान शेंकडा ५ असतात.

आमच्या एका विद्यार्थ्याचा एक डोळा बालपणींच गेला. दुसरा निर्दोष होता. महाविद्यालयांतील प्रवेशासाठीं त्यानें तपासणी करविली, तेव्हां शेंकडा ३० ठरले. सरकारी नियमांस धरूनच तो आंकडा होता. त्याची आई कागद घेऊन आमच्याकडे आली व म्हणाली, "सर, ह्याला नापासच केलं म्हणायचं का?"

बोलतां बोलतां आमचें लक्ष मुलाच्या डाव्या हाताकडे गेलें. भाजल्यामुळें त्याचीं बोटें आंखडलीं होतीं, आणि तो हात तो नेहमीं खिशांत ठेवी. "डॉक्टरांना हात दाखवलास का?" आम्हीं विचारलें. तो खालीं पाहून म्हणाला, "नाही, सर. हात कुणाला दाखवायला नको वाटतं."

आम्हीं त्यास पुन्हां अर्ज करावयास लाविलें. हाताचें अपंगत्व शेंकडा २० ठरलें. दोन दोष असले म्हणजे त्यांची साधी बेरीज करीत नाहींत. ९० मधून मोठा आंकडा वजा करावा, बाकीस लहान आंकड्यानें गुणावें, ९० नीं भागावें, आणि येईल तें मोठ्या आंकड्यांत मिळवावें. गणिताच्या विद्यार्थ्यांनीं करून पाहावें. उत्तर ४३ च्या किंचित् वर येईल. मुलाचा मार्ग मोकळा झाला.

ह्यावर आईनें निवृत्तिवेतनाविषयीं विचारलें. तो दरवाजा मात्र निराळा आहे. केंद्र सरकारच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग निवृत्तिवेतन योजनेस शेंकडा ८० अपंगत्व, निदान १८ वर्षांचें वय आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब अशा अटी आहेत. महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेंत शेंकडा ४० चालतात. पण तेथेंहि उत्पन्नाची मर्यादा आहेच. सारांश, डॉक्टर शरीराची तपासणी करितो व कचेरी घराच्या मिळकतीची. दोहोंची साक्ष जुळली तरच पैसा हातीं येतो.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, तपासणीच्या वेळीं मुलाचा कोणताहि दोष झांकूं नये. प्रमाणपत्र कायमचें आहे कीं ठराविक मुदतीचें, हें पाहून घ्यावें. निर्णय अमान्य असल्यास कायद्यानें अपिलाची सोय ठेविली आहे, तिचा उपयोग करावा.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांसहि एक गोष्ट सांगावयाची आहे. प्रमाणपत्रावरील आंकडा सरकारी मदतीचें माप आहे, मनुष्याचें नव्हे. त्या मुलाचा हात खिशांत गेला तो कायद्याच्या भयानें नव्हे, तर सोबत्यांच्या हंसण्याच्या भयानें; आणि त्या हंसण्यापायीं त्याचा न्याय्य हक्क जवळ जवळ बुडाला होता. तुमच्या शेजारच्या बांकावर असा कोणी बसत असेल, तर त्याचा हात निर्भयपणें बाहेर राहील असें वागणें हें तुमच्याच हातीं आहे.